धरणातली पांढरी गाडी

६ जानेवारी, मंगळवार

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज चौथा दिवस. काळा चष्मा लावून लिहितेय. ओळी वर-खाली जातात. जाऊ देत, वाचणार कोण आहे.

प्रशांत सकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेला. जाण्याआधी टीव्हीच्या मागं बोटाएवढं काहीतरी खोचून गेला. "आई, आता यात सगळं दिसेल. एकटीला कंटाळा नाही यायचा." नव्या रिमोटला निम्मीच बटणं. हे असते तर आधी माहितीपुस्तक शोधत बसले असते. तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन, अजून वाक्यं 'हे असते तर'नंच सुरू होतात.

दुपारी कुठलंतरी बटण दाबलं आणि ऑस्ट्रेलिया सुरू झालं. म्हणजे सिरियल. गोरी माणसं, पण हिंदीत बोलतात. खेडं आहे. नजर जाईल तिथवर वाळलेला गहू, पत्र्याची घरं, माशा. धरणाचं पाणी आटलंय आणि चिखलातून एका पांढऱ्या गाडीचा टप वर आलाय. आत कुणी नाही. त्या गावातून वीस वर्षांपूर्वी बेथ नावाची एक बाई नाहीशी झाली, तिची गाडी. शहरातून एक पोलीसबाई येते तपासाला.

बंद कसं करायचं ते कळेना म्हणून अख्खा भाग बघितला. (प्र.ला असंच सांगेन.)

८ जाने.

डोळ्यात टाकायचे थेंब गालावर पडतात. पांढऱ्या झाकणाचे आधी, मग पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग गुलाबी झाकणाचे. पडायचं जमतं. बाकीचं नाही.

दवाखान्यात फोन केला. म्हणाले, आमची एक सिस्टर संध्याकाळी लालबाग रोडवरून घरी जाते, तिला पाठवतो.

सहा वाजता बेल. चाळिशीची बाई, हातात हेल्मेट. माझ्याकडे बघतच राहिली. "बाई? बालवाडीच्या सुमनबाई ना? मी ज्योती. मिल कॉलनीतली बेबी."

मला दाराची कडी धरावी लागली. तिला वाटलं, डोळ्यामुळं.

शीलाची बेबी.

९ जाने.

आली. हात हलका आहे तिचा. एका बोटानं पापणी ओढते, थेंब बरोबर मध्यभागी. सिंधीपुऱ्यात आत्याजवळ राहते. लग्न केलं नाही. आत्या आता ऐंशीची. "आत्याचं काय बाई, ती एफएमवर जगते आणि माझ्यावर ओरडते."

पाच मिनिटं थांबायचं म्हणून तिनं टीव्हीकडं पाहिलं. माझा दुसरा भाग अर्ध्यावर थांबवलेला होता. "हे काय बघून राहिल्या तुम्ही?"

म्हटलं, खून आहे बहुतेक.

बसली. पाच मिनिटांची पन्नास झाली.

१० जाने., शनि.

आज तिनंच विचारलं, "पुढे बघितलं नाही ना माझ्याविना?" नव्हतं बघितलं. दुपारभर रिमोट कपाटात ठेवला होता.

भाग ३. गावातले सगळे पोलीसबाईशी गोड बोलतात आणि काही सांगत नाहीत. बेथचा नवरा दोन एकरांचं शेत असल्यासारखा चिंतेत असतो, प्रत्यक्षात त्याची जमीन हेलिकॉप्टरमधून बघावी लागते. पेट्रोल पंपावर एक म्हातारी आहे, डॉली नावाची. ज्यो.चं म्हणणं, "हिला माहितीये. पक्का. बघा ना, नजर चोरते."

मी म्हटलं, म्हातारी आहे, डोळ्याचा त्रास असेल.

खूप हसली. घरात कुणी असं हसल्याला किती दिवस झाले.

१४ जाने. संक्रांत

शेजारच्या सूनबाईनं दारातूनच तिळगूळ दिला. आत बायकांचं हळदीकुंकू चाललेलं. मी पण दारातूनच घेतला. सवय झालीय.

सहाला ज्यो. आली ती डबा घेऊन. आत्याच्या हातचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरून कच्चं तेल. थंडी फार आहे, आत्याच्या भाच्याची केळीची बाग करपायला लागलीय म्हणाली. आम्ही दोघी गोधडी पायांवर घेऊन ऑस्ट्रेलियातलं ऊन बघत होतो.

भाग ४. बेथची मुलगी आता मोठी झालीय. ती पोलीसबाईला म्हणते, आई मला टाकून गेली नाही, तिला कुणीतरी मारलं, मला माहीत आहे.

ज्यो. एकदम म्हणाली, "माझं उलटं आहे. कोणी मारलं असतं तिला तर मला कमीत कमी राग धरायला माणूस मिळाला असता. नदीवर काय राग धरायचा?"

मी टीव्हीकडं बघत राहिले. पडद्यावर मेंढ्या होत्या.

१५ जाने.

लिहून ठेवायला पाहिजे. ह्यांनी कधी लिहू दिलं नाही. आता कोण अडवतंय.

तेहतीस वर्षं झाली. पोळ्याचा आदला दिवस. शीला मागल्या दारानं आली, सकाळीच. ओठ फाटलेला, दंड काळानिळा. तिचा नवरा ह्यांच्याच पाळीत, कागदाच्या मशीनवर. त्याच्या हाताचं कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. भिंती काय, एका विटेच्या, सगळं ऐकू येई. शीला म्हणाली, "सुमनताई, आज गेले नाही तर मरेन." बेबी आत्याकडं बुऱ्हानपूरला होती, पोळ्यासाठी. तिला घेऊन जायला वेळ नव्हता. माझी साडी दिली, डोक्यावरून पदर घ्यायला लावला, स्टेशनवर मीच गेले बरोबर. भुसावळकडची पॅसेंजर लागली होती. तिच्यात बसली. म्हणाली, "पंधरा दिवसांत बेबीला न्यायला येते. तोवर कुणाला सांगू नका. त्याला कळलं तर तो शोधून काढील."

शपथ घातली नव्हती. नुसतं म्हणाली.

संध्याकाळी नवरा विचारायला आला. ह्यांनीच सांगितलं, आमच्याकडं आली नाही. मग कुणीतरी उठवलं की तापीच्या पुलावर एक बाई दिसली होती. नदीला पूर होता. त्यानं छाती पिटली. प्रेत सापडलं नाही तर दर्भाचा पुतळा जाळला.

मी त्या तेराव्याला जेवले. बुंदी होती.

१६ जाने.

काल पुढचं लिहवेना. हात नव्हे, डोळा दुखत होता असं समजू.

पंधरा दिवसांत शीला आली नाही. सहा महिन्यांनी एक कार्ड आलं माझ्या नावानं. दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, हिंदीत. मैं ठीक हूँ, बेबी को देखते रहना. पत्ता नाही. शिक्का सुरतचा. ह्यांनी वाचलं आणि चुलीत घातलं. "आपल्याला इथं राहायचंय. आता तिचं तेरावंसुद्धा झालं. बोललीस तर आपण दोघं खोटे ठरू." नंतर शीलाच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, पोरीला बहिणीकडं दिलं, बदली घेऊन निघून गेला. तोही मेला आता, ज्यो.नं सांगितलं.

देखते रहना. मी बघितलं का? ती इथं बुऱ्हानपूरला, मी तेव्हा मिल कॉलनीत, पंचवीस किलोमीटरवर. एकदा बाजारात आत्याच्या हाताला धरून चाललेली दिसली होती. मी कापडाच्या दुकानात शिरले.

१९ जाने.

भाग ५. एक दिवसाआड बघायचं ठरवलंय, तीनच उरले म्हणून. थेंब तर रोजच. न बघण्याच्या दिवशीही अर्धा तास बसते. गल्लीतल्या पॉवरलूमचा आवाज ऐकून ऐकून कान बधिर झालेत, तुमच्याकडं शांत आहे म्हणते. मला जी शांतता खायला उठते ती तिला आवडते.

माझे केस विंचरून दिले आज. डोळ्याला धक्का नको म्हणून. आई गेल्यापासून माझे केस कुणी विंचरले नव्हते.

सांगितलं तर ही येणार नाही. एवढंच कारण आहे. बाकी शपथ, वचन, लोक, सगळं मी स्वतःला सांगायचं.

२१ जाने.

भाग ६. पोलीसबाई पंपावरच्या डॉलीला म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात म्हणून वीस वर्षं एक मुलगी खिडकीत बसून आहे." ज्यो. उठून पुढं सरकली. "बोल ना, म्हातारे!"

मला थंडी वाजायला लागली. खरंच. तिनं गोधडी सारखी केली.

२४ जाने.

आज ज्यो. गंभीर. भाग ७ लावू दिला नाही, मन नाही म्हणाली. आत्यानं कुणा गुरुजींना पत्रिका दाखवली. ते म्हणाले, आईची गती झाली नाही, म्हणून हिचं काही जमत नाही. पुढच्या अमावास्येला खंडव्यामार्गे ओंकारेश्वरला जाऊन विधी करायचा. ज्योतीनं रजाही सांगून ठेवली.

"माझा विश्वास नाही बाई. पण वाटतं, करून टाकावं. एकदाचं तिला सोडून द्यावं. मी पण सुटेन."

विचारलं, नक्की जाणार? म्हणाली, "हां. पिंड मीच देणार. मुलगी देऊ शकते म्हणाले."

जिवंत असेल तर शीला साठीची असेल. माझ्याहून सात वर्षांनी लहान होती.

२५ जाने., रविवार

प्र.चा फोन. त्याला विचारलं, तुला कॉलनीतली शीलाकाकू आठवते का. "नदीत गेली ती? का गं?" म्हटलं, सहज. म्हणाला, "आई, त्या मर्डरच्या सिरियल बघू नकोस, झोपायला त्रास होईल."

२८ जाने., बुधवार

सांगितलं.

ठरवून नाही. पांढऱ्या झाकणाचे थेंब टाकले तिनं. मी पाटीसारखी उताणी, डोळे मिटलेले. ती घड्याळात बघत असणार. पाच मिनिटं. तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलता आलं. म्हटलं, "ज्योती, तुझी आई नदीत गेली नाही. मी तिला गाडीत बसवून दिलं होतं."

मग सगळंच. साडी, पॅसेंजर, पंधरा दिवस, कार्ड. कार्ड जाळल्याचंही. तेराव्याला जेवल्याचंही. मध्ये एकदा वाटलं ती खोलीत नाहीच. मग बांगडी वाजली.

मग पापणीवर तिचं बोट आलं. गुलाबी झाकणाचा थेंब, बरोबर मध्यभागी. हात जरा पण हलला नाही.

म्हणाली, "पाच मिनिटं डोळे उघडू नका."

मी उघडले नाहीत. स्कूटर सुरू झाल्याचं ऐकलं.

२९ जाने.

आली नाही. थेंब स्वतः टाकले. चार वाया, एक आत.

३० जाने.

नाही.

१ फेब्रु., रविवार

दवाखान्यातून तिच्याऐवजी दुसरी सिस्टर आली, दोन मिनिटांत काम करून गेली. चपला पण काढल्या नाहीत. विचारलं, ज्योती सिस्टर बऱ्या आहेत ना? "ड्यूटीवर आहेत की." म्हणजे येत नाही ती माझ्याकडंच येत नाही.

दुपारी उरलेले दोन भाग एका बैठकीत बघून टाकले. वाट बघण्यात अर्थ नव्हता. बेथला तिच्या दिरानं मारलं होतं, ज्या संध्याकाळी गेली त्याच संध्याकाळी. जमिनीवरून. विहिरीत सापडली. पंपावरच्या डॉलीला काहीएक माहीत नव्हतं. ती नुसतीच तुसडी म्हातारी होती. आम्ही दोघी उगाच तिच्यामागं लागलो.

त्या मुलीला हाडं तरी मिळाली. ती रडते, पोलीसबाई टोपी काढते, मग लांबच लांब रस्ता. संपलं. ताबडतोब दुसरी कसलीतरी सिरियल आपोआप सुरू झाली, नाचाची. मला ती थांबवता येईना.

४ फेब्रु.

रिक्षा करून सिंधीपुऱ्यात गेले. लूमच्या गल्लीतून घर विचारत. आत्याच दारात बसल्या होत्या, गहू निवडत. ओळखलं त्यांनी. "या" म्हणाल्या नाहीत.

म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्हाला आत्ताच कुठून आठवलं?"

म्हटलं, पिंड द्यायला निघाली होती. जिवंत माणसाला.

"जिवंत आहे हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग काय दिलंत तिला?" सूप बाजूला ठेवलं त्यांनी. "मेलेली होती तेव्हा ती देवघरात फोटोत होती. वर्षातून एकदा पान वाढलं की झालं. बाकी पोरगी माझी होती. तेहतीस वर्षं. आता ती रोज मला विचारते, आत्या, माझ्यात काय कमी होतं म्हणून ती परत आली नाही? मी काय सांगू? तुम्ही सांगा."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. म्हणजे ती आतच होती.

विचारलं, भेटू का?

"आत आहे. येणार नाही."

खोटं नाही बोलल्या. कुणीच आलं नाही. निघताना आत्यांनी पाणी मात्र दिलं, तांब्या माझ्यासमोर ठेवून. पिऊन आले. रिक्षात रडू आलं, रिक्षावाला म्हणाला, "आँख का ऑपरेशन हुआ क्या अम्मा?"

हो म्हटलं.

७ फेब्रु.

प्र.ला सगळं सांगितलं फोनवर. मग म्हणाला, "बाबांना माहीत होतं?" त्याला तेच लागलं. प्रत्येकाला आपापलं लागतं. म्हणाला पुण्याला ये. म्हटलं, थेंब संपू देत.

आत्याचं बोलणं जात नाही डोक्यातून. काय दिलंत तिला. मी ओझं उतरवलं ते तिच्या डोक्यावर ठेवलं, असंच ना. पण न सांगता ती येत्या अमावास्येला नदीत उभी राहून आईला पिंड देत असती आणि मी इथं भाग सातवा बघत असते, तिच्या परत येण्याची वाट बघत, गोधडी घेऊन. ते मला जमलं असतं? जमलंच होतं की. तेहतीस वर्षं जमलं.

११ फेब्रु.

डोळा तपासायला गेले. डॉक्टर म्हणाले, छान, आता चष्मा लागेल फक्त वाचायला. काउंटरवर ज्यो. नव्हती. विचारावं की नाही... विचारलं. "ज्योती सिस्टर आठ दिवस रजेवर." ओंकारेश्वरला? त्या मुलीला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर भिंतीवरचे डाग दिसायला लागले. इतके दिवस घर स्वच्छ वाटत होतं.

१३ फेब्रु.

काही नाही. भरीत केलं. एकटीला जास्त झालं. शेजारी दिलं.

१६ फेब्रु., सोमवार

उद्या अमावास्या.

दुपारी साडेतीनला फोन. नंबर तिचाच. मी घाईनं उचलला. मग ती म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं."

"विचार."

"गाडीत बसल्यावर ती शेवटचं काय बोलली? पंधरा दिवसांचं नको. त्याच्यानंतर. गाडी सुटताना."

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिलंही नाही. लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं कधी.

म्हटलं, "म्हणाली, बेबीचा निळा फ्रॉक दोरीवर आहे. आभाळ आलंय, काढून घ्या."

"इतकंच?"

"इतकंच. मग गाडी हलली."

माझं नाव घेतलं का, रडली का, मागं बघितलं का, असलं काही विचारील म्हणून मी तयारी करून बसले होते. तिनं विचारलं, "मग काढला?"

आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. स्टेशनवरून घरी येईपर्यंत पाऊस लागला होता. मी भिजलेली आले, ह्यांचा डबा व्हायचा होता. शीलाच्या मागच्या अंगणाकडं बघायचीही भीती वाटत होती.

"नाही गं. राहून गेला."

तिच्या मागं गर्दी होती, चहावाला ओरडत होता, मग लाउडस्पीकरवर गाडीची घोषणा सुरू झाली. मी फोन कानात घुसवला. खंडवा म्हणाले की सुरत, की तिसरंच काही, मला कळलं नाही. फाटका आवाज.

म्हटलं, "ज्योती, कुठं आहेस तू?"

"गाडी आली बाई. चढून घेते."